उतरणीची साधना

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलखात बर्फ पडत नाही. तरीही बर्फाच्या उतारावरून स्कीवर शर्यत करणाऱ्या क्रीडापटूच्या मनाविषयी नि तालमीविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे, कारण या खेळाला लागणारे पुष्कळसे गुण बर्फावर पाय ठेवण्यापूर्वीच कमवावे लागतात, आणि ते कोठेही कमावता येतात.

आपण चढणाऱ्याचे कौतुक करतो. उतरणे म्हणजे सोपे, असा आपला समज. परंतु मलंगगडावर जाऊन आलेल्यांना आठवत असेल, की दम लागतो तो चढताना, पण दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना ज्या मांड्या ठणकतात, त्या मुख्यतः गड उतरल्यामुळे. उतरताना स्नायू देहाचा भार झेलत झेलत ताणला जातो, आणि ताणला जात असतानाच त्याला जोरही धरून ठेवावा लागतो. स्कीपटूच्या दर वळणावर हेच घडते. म्हणून त्याच्या तालमीत वजन घेऊन सावकाश मारलेल्या बैठका, एका पायावरचा तोल आणि बाजूबाजूच्या उड्या यांचा महिनोन्‌महिने शिरस्ता असतो. येऊरच्या पायवाटेने उतरताना गुडघे किंचित वाकवून, पाऊल न आपटता टाकण्याचा सराव ज्याने केला, त्याने या विद्येची मुळाक्षरे गिरवली असे मी म्हणेन.

आता मनाविषयी. जायंट स्लॅलम या प्रकारात उतारावर रोवलेल्या फाटकांमधून नागमोडी जावे लागते. दोन फेऱ्या होतात, दुसऱ्या फेरीसाठी फाटकांची मांडणी बदलते, आणि दोन्ही वेळांची बेरीज सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. त्या मार्गावरून आधी वेगाने जाऊन पाहण्याची मुभा नसते. कडेकडेने संथ घसरत केवळ निरीक्षण करता येते. मग आरंभस्थानाजवळ डोळे मिटून उभा राहिलेला स्पर्धक आपला पंजा डावीउजवीकडे कलवीत असतो: कोठे उतार तुटतो, कोठे बर्फ निसरडा आहे, कोठे वळणाचा आरंभ आधी करावा, हा सारा मार्ग तो मनात उतरत असतो. प्रत्यक्ष धावेत मात्र त्याची नजर पायांखालच्या फाटकावर नसते, पुढच्या फाटकांवर असते. कारण सरलेल्या वळणातील चुकीची हळहळ करीत बसणाऱ्याच्या हातून पुढचे वळणही जाते.

गुलमर्गच्या उतारांवर घडलेल्या आरिफ खान यांचा दाखला घ्या. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते दोन प्रकारांसाठी पात्र ठरले. 13 फेब्रुवारी 2022 रोजी, बीजिंगच्या त्या स्पर्धेत, दाट हिमवृष्टीत अनेक स्पर्धक मार्गातच बाद झाले असता त्यांनी जायंट स्लॅलमच्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला. तीनच दिवसांनी स्लॅलम या दुसऱ्या प्रकाराची पहिली फेरी मात्र त्यांना पुरी करता आली नाही. त्यांच्याही आधी, 1988 साली कॅल्गरी येथे, शैलजा कुमार यांनी स्लॅलममध्ये अठ्ठाविसावे स्थान मिळवले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. या क्रमांकांना जे कमी लेखतात, त्यांनी शेवटच्या फाटकापर्यंत उभे राहण्याची किंमत जाणलेली नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. आपले मूल स्केटिंग करो, धावो वा सायकल चालवो, पहिल्या दिवसापासून हातात घड्याळ घेऊन उभे राहू नका. नवशिक्याला स्कीवर प्रथम शिकवतात ते वेग धरायला नव्हे, तर पुढची टोके जवळ नि मागची दूर अशा पाचरीच्या आकारात स्कीच्या पट्ट्या धरून थांबायला. थांबता येते या खात्रीतूनच भीती ओसरते, आणि भीती ओसरल्यावर वेग येतो. धाक घालून आणलेला वेग पहिल्या पडण्यासरशी मोडतो.

तरुण श्रोत्यांनो, गुडघ्यांची तक्रार नसेल तर उद्यापासून लिफ्ट सोडून जिना उतरा. कठड्याजवळून, सावकाश, पावलाचा आवाज होऊ न देता, आणि पुढचे वळण येण्याआधी ते मनात पाहून. महिन्याभराने आपल्या पायांत काय फरक पडला, हे आपले आपल्यालाच कळेल.