इंटरनेट भाड्याचं, नेटवर्क घरचं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



अशा व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, पानिपत, नाहीतर शेतीचं अर्थकारण ऐकायची तुम्हाला सवय. त्यात ‘घरातलं कॉम्प्युटर नेटवर्क’ हा वायरमनचा विषय इथे कसा आला, असं काहींना वाटलं असेल. आज इथून उठताना त्या वायरमनला नेमकं काय सांगायचं एवढं तुम्हाला कळलं, तरी माझं काम झालं असं मी समजेन.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती आधीच सांगून टाकतो. आपल्या घरात दोन वेगळ्या व्यवस्था असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. पहिली बाहेरून येते. महिन्याला पैसे भरले की कंपनी ती देते, ती म्हणजे इंटरनेट. दुसरी घरातली साधनं एकमेकांना जोडते: लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे. ती तुमच्या मालकीची. पटत नसेल तर घरी जाऊन बाहेरून येणारी वायर काढा आणि वायफायवरच्या प्रिंटरला लॅपटॉपवरून थेट छपाई द्या. कागद बाहेर येईल. इंटरनेट बंद आणि नेटवर्क चालू, हे असं असतं.

इतिहासही याच बाजूनं साक्ष देतो. १९७३ सालच्या मे महिन्यात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यातून इथरनेट जन्माला आलं. त्या संस्थेतल्या लोकांच्या टेबलांवर आल्टो नावाचे संगणक येणार होते आणि लेझर प्रिंटरही तयार होत होता. सगळ्यांना त्या प्रिंटरवर छापता यावं, ही गरज होती. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे घरातल्या किंवा कचेरीतल्या यंत्रांनी आपापसात बोलायची सोय आपल्या इंटरनेटहून बावीस वर्षांनी थोरली आहे.

आज मात्र उलटं झालंय. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत फोटो पाठवायचा, तर आपण तो व्हॉट्सॲपवर टाकतो. तो परदेशातल्या नाहीतर कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत येतो आणि येताना बारीक होऊन येतो. लग्नाचा पाच जीबीचा व्हिडिओ घरातल्याच गिगाबिट वायरवरून दुसऱ्या संगणकावर न्यायला चाळीस-पन्नास सेकंद पुरतात, आणि त्यात महिन्याच्या बिलाचा काही संबंध नसतो.

आता त्या डब्याकडे वळू. भिंतीवर एक पांढरा किंवा काळा डबा असतो आणि त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर, कुणी नुसतंच वायफाय. खरं तर त्या एका डब्यात चार कामं कोंबलेली असतात. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश विजेच्या संकेतांत बदलणं हे पहिलं. ते करणाऱ्या भागाला नेटवाले ओएनटी म्हणतात. बाहेरचं जग आणि घर यांच्यामध्ये उभं राहणं हे राउटरचं काम. मागच्या तीन-चार खाचांमध्ये वायरी जोडून घेणं हे स्विचचं, आणि हवेतून जोडणं हे ॲक्सेस पॉइंटचं. कामं वेगळी आहेत हे लक्षात आलं, की घर मोठं झाल्यावर त्यातलं नेमकं कुठलं वाढवायचं ते कळतं. बहुतेक वेळा फक्त चौथं वाढवायचं असतं आणि दुकानदार चारही विकतो.

राउटर पत्ते वाटतो, हे नीट समजून घेऊ. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगातल्या प्रत्येक यंत्राला एक द्यायचा तर ते पुरत नाहीत. म्हणून १९९६ साली काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. सोसायटीचं समजा. बाहेरच्या जगाला सोसायटीचा एकच पत्ता ठाऊक असतो. आतल्या फ्लॅटचे क्रमांक आतच चालतात, आणि १०१ नंबरचा फ्लॅट शेजारच्या सोसायटीतही असतो, तरी गोंधळ होत नाही. कुठलं पार्सल कुणाचं, ते फाटकावरचा माणूस बघतो. तुमच्या राउटरचा आतला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलला तो आपणहून एक क्रमांक देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पण घरात वाटप करणारा एकच हवा, हे विसरू नका. त्याची गरज थोड्या वेळानं पडणार आहे.

नेटवर्क उभारायचं म्हणजे आधी खरेदी, असं आपल्याला वाटतं. आधी कागद घ्या. घराचा ढोबळ नकाशा काढा, खोल्या दाखवा, जाड भिंती गडद करा. मग कुठलं यंत्र कुठे बसतं ते लिहा. एका जागी बसणारी वेगळी, घरभर फिरणारी वेगळी. टीव्ही, टेबलावरचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ही बसणारी मंडळी. त्यांना शक्य तिथे वायर द्या. मोबाइल, टॅब, लॅपटॉप यांना वायफाय. माझ्या मते आजच्या व्याख्यानातला सगळ्यात फायद्याचा सल्ला हाच आहे, कारण वायरीवर गेलेलं प्रत्येक यंत्र हवेतली गर्दी कमी करतं.

वायर घेताना ‘कॅट सिक्स’ मागा. एका तुकड्याची लांबी शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या बंगल्याला काय, वाड्यालाही पुरेल. आत तार शुद्ध तांब्याची आहे का, ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास मिळते. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, हजारला चारही. त्यामुळे टोकाला क्लिप बसवताना एखादी तार नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही. वेग गुपचूप हजारावरून शंभरावर येतो. तीनशेचा प्लॅन घेऊन पंचाण्णवच मिळतंय, अशी तक्रार असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी ही क्लिप तपासा. आणि घराचं काम काढणार असाल, तर भिंतीत प्लास्टर होण्याआधी एक रिकामी पाइप टाकून घ्या, विजेच्या वायरिंगपासून वेगळी. तिचा खर्च नगण्य असतो. नंतर भिंत फोडायचा खर्च मात्र नगण्य नसतो.

आता हवेकडे. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाचं रेडिओ जाळं चालू केलं. बेटाबेटांवरची यंत्रं एकच लहर वापरत. दोघं एकाच वेळी बोलले की दोघांचंही वाया जाई; मग दोघंही थोडं थांबत, पण दोघांचं थांबणं सारखं नसे, आणि पुन्हा प्रयत्न करत. मेटकाफ यांनी इथरनेटसाठी धडा घेतला तो यांच्याकडूनच. आजचं वायफाय पुष्कळ शहाणं झालंय, आधी कानोसा घेतं आणि मग बोलतं. पण हवा सामायिक आहे हे मूळ दुखणं तसंच राहिलंय. एका वाहिनीवर साधारणपणे एका वेळी एकानंच बोलायचं. त्यात शेजारच्या फ्लॅटचा राउटरही आला.

वायफायचे दोन मुख्य पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. आपल्याकडे तो २००५ साली परवान्याविना खुला झाला. जे फुकट ते गजबजलेलं. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं; तिथे जाऊन यातली कमी गर्दीची निवडा. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण दोन भिंतींतच दमतो. म्हणून राउटरच्या जवळ पाच, लांबच्या खोलीत २.४, असा सरळ हिशेब ठेवा.

राउटर ठेवायचा कुठे? कंपनीचा मुलगा तो दारामागे लावतो, कारण वायर तिथवर पोचलेली असते. त्याची सोय झाली, तुमची नाही. दहा-पंधरा मीटर जादा वायर मागून घ्या आणि डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर बसवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड तो नको. टीव्हीच्या मागे तर नकोच. काचेची वायर काटकोनात वाकवू नका, आणि तिचं उघडं टोक डोळ्यांसमोर धरून बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, तरी असतो.

तरीही मागच्या खोलीत रेंज येत नसेल, तर लोक रिपीटर आणतात. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळजवळ निम्मा करतो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा आणि तिथपर्यंत एक वायर न्या. इथेच फसगत होते. जुना राउटर तसाच जोडला, की तोही पत्ते वाटायला लागतो. घरात वाटप करणारे दोन झाले, की कधी चालतं, कधी नाही, आणि कारण कुणालाच सापडत नाही. म्हणून आधी जुना राउटर एकट्या लॅपटॉपला जोडा. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा करा, मुख्याचा शेवट १ असेल तर याचा २. मग डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. मुख्य राउटरकडून येणारी वायर त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत न घालता ‘लॅन’च्या खाचेत घाला. पन्नास मिनिटांचं काम आहे, आणि खर्च फक्त वायरीचा.

कुलपाचं आता. पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. एक वायफायचा, जो पाहुण्यांना देता. दुसरा राउटरच्या कारभाराचा, जो पुष्कळदा कारखान्यातून ‘ॲडमिन-ॲडमिन’ असा आलेला असतो आणि तसाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेल्या अशा नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. घराघरांतल्या साध्या कॅमेऱ्यांनी हे केलं, आणि मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून दुसरा पासवर्ड आजच बदला. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री ठेवा. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा. ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून पाहुणे आणि स्वस्तातले कॅमेरे, बल्ब तिकडे पाठवा, म्हणजे ते तुमच्या बँकेच्या कामाच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाहीत. प्रिंटर मात्र मुख्य नेटवर्कवरच राहू द्या, नाहीतर छपाई होणार नाही.

‘नेट गेलं’ अशी हाक आली की क्रमानं बघायचं. ओएनटीवर लाल दिवा आहे का? असेल तर दोष बहुधा बाहेरचा, कंपनीला फोन करा. दिवा हिरवा आहे, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, म्हणजे तुमच्या राउटरचा जो पत्ता असेल तो, टाका. पान उघडलं तर राउटरपर्यंत घर ठीक आहे, अडलंय त्याच्या पुढे. पान उघडलं नाही, तर त्या यंत्राला मिळालेला पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला काही मिळालेलंच नाही. वायर, क्लिप, वायफायचा पासवर्ड तपासा. घरातलं सगळंच एकदम गुदमरलं असेल, तर कुणी एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये तर घातली नाहीत ना, तेही बघा. मुलांच्या सुट्टीत हे घडतं.

लाइट गेल्यावर काय, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. फायबर थेट घरात येत असेल, तर गावातल्या केंद्रापासून तुमच्या भिंतीपर्यंत मधे जे फाटे फुटतात ते नुसते काचेचे असतात, त्यांना वीज लागत नाही. म्हणजे डब्याला वीज मिळाली तर नेट चालू राहतं. बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो. घेताना तुमच्या डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बिल्डिंगच्या जिन्यात कंपनीचा विजेवर चालणारा स्विच असेल, तर मात्र या यूपीएसचा उपयोग नाही; तो चालू ठेवायचा बंदोबस्त सोसायटीनं करायला हवा.

शेवटचा मुद्दा माणसांचा. आपल्या पुष्कळ घरांत नेटवर्क बसवणारा मुलगा पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत असतो आणि डबा सांगलीत. रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर ‘आई, तो हिरवा दिवा दिसतोय का’ असं चालू असतं, आणि तो कॉल ज्या नेटवर चालायचा तेच गेलेलं असतं. म्हणून मघाचा नकाशा फेकू नका. त्याच कागदावर राउटरचा पत्ता, दोन्ही पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन लिहा. वायरींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नावं घाला. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, पाहुण्यांना दिसणार नाही असा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्या कागदावरून एकदा राउटरचं पान उघडायला लावा, शेजारी बसा पण हात लावू नका. त्यांना जमलं, तर नेटवर्क खरंच घरचं झालं. नाही जमलं, तर कागद बदला, माणूस नव्हे.

माझं बोलणं इथे थांबवतो. वायरी, डबे आणि दिव्यांबद्दलचे प्रश्न आता विचारा. बिलांबद्दलचे कंपनीला विचारा.