कतरणीची किंमत



 कापड विणणाऱ्या इचलकरंजीनेच त्याच्या चिंधीचाही विचार करावा, हे योग्यच आहे.

जुनं सुती कापड आपण कधी वाया घालवलं नाही. बोहारीण भांड्यांच्या बदल्यात कपडे न्यायची, लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. १९४०मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती कतरणींच्या लगद्यापासून कागद तयार होत आला आहे. आपल्या नोटांचा कागदही सुतीच असतो.

पण कापडापासून पुन्हा कापड करायचं, तर काम अवघड होतं. दातेरी रुळांवर चिंधी पिंजली जाते, तेव्हा तंतू तुटतो आणि आखूड होतो. सूत कातायच्या रिंग स्पिनिंग पद्धतीत तो टिकत नाही, ओपन-एंड पद्धतीत चालतो, तोही बहुधा नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून. सूत निघतं ते जाड, सहा-दहा काउंटचं, फार तर विसाचं. त्याच्या सतरंज्या, हातमोजे, पोछे, कॅनव्हासच्या पिशव्या होतात. यात कमीपणा नाही. मात्र यातून तलम धोतर निघेल असं कुणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

या सुताचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. चिंध्या रंगवार वेगळ्या केल्या, तर सूत रंगवावंच लागत नाही. निळ्यातून निळं, काळ्यातून काळं. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना रंगाच्या सांडपाण्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

ही रंगांची वर्गवारी यंत्रावर नाही, बायकांच्या हातांवर चालते. पानिपतच्या चिंध्यांच्या गोदामांत पाहा. समोर विळीसारखं उभं पातं. बाई त्यावर शर्ट ओढते, बटणांची पट्टी एका बाजूला, चेन दुसरीकडे, बाकीचं कापड रंगाच्या ढिगात. सुती कोणतं आणि मिश्र कोणतं, हे ती बोटांनी चाचपून ओळखते. पुढच्या सुताची प्रत तिथेच ठरते. तरी तिचा दर किलोमागे ठरतो, आणि किलोमागे दर म्हटला की हात घाईत चालतो. कापसाच्या बारीक धुळीने छातीचा जो आजार जडतो, तो गिरणीवाल्यांना चांगलाच ठाऊक आहे. धूळ ओढणारे पंखे आणि मास्क ही मेहेरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे.

दोष आपल्या कपड्यांच्या धंद्याकडेही आहे. सुती टी-शर्ट आपण पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवतो. जीन्समध्ये दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्स घालतो आणि पिंजणाऱ्या यंत्राला अडचण करून ठेवतो. माझ्या मते कपड्याचा शेवट कटिंग टेबलावरच ठरायला हवा.

म्हणून एकच मागणं आहे. पुढच्या ऑर्डरपासून आपल्या कटिंग मास्टरला सांगा, की निव्वळ सुती, मिश्र आणि स्पॅन्डेक्स घातलेल्या कापडाची कतरण एका पोत्यात भरायची नाही. तीन पोती वेगळी ठेवा आणि प्रत्येकावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावा.