घरासमोरील मोकळी जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय आपल्या घरादाराचाच आहे.

आम्ही बेसा येथे प्लॉट घेतला तेव्हा समोर तुरीचे वावर होते. "ताई, हा वारा कायमचा तुमचा," असे विकणाऱ्याने सांगितले. त्या वाऱ्यापायी आम्ही फुटामागे जास्त पैसे मोजले. चार वर्षांत वावरात ले-आऊट पडला. आज खिडकीसमोर चार मजली भिंत आहे, आणि आमच्या घराला मागच्या गल्लीपेक्षा एक पैसाही अधिक भाव नाही. चूक आमचीच. मोकळी जागा निराळी आणि राखीव जागा निराळी, हे आम्ही ओळखले नाही.

वावर मालक केव्हाही विकू शकतो. सेमिनरी हिल्सवरील जंगल वनखात्याचे. त्याचा शेजाऱ्यांना भरवसा वाटतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात अभ्यासकांनी २००२ साली हेच दाखविले. कायमची राखलेली जमीन जवळच्या घरजागेचा भाव जितका वाढविते, तितका पुढेमागे बांधकाम होऊ शकणारी मोकळी जमीन वाढवीत नाही. भाव हिरवळीचा खरा, पण त्याहून अधिक भरवशाचा.

असा भरवसा आपल्याही दाराशी आहे. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमांप्रमाणे ४ हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये साधारणतः १० टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी सोडावी लागते. आपले हळदीकुंकू होते, मुले खेळतात, ती जागा अशीच. पण ती सर्वांची म्हणून कोणाचीच नाही! कोणी कचरा टाकतो, कोणी कुंपण हळूच पुढे सरकवितो.

कोणी म्हणेल, घर विकायचेच नाही तर भावाचे काय? खरे आहे. उलट भाव चढला की भाडेकरू भगिनींचे भाडेही चढते. परंतु संध्याकाळी म्हाताऱ्या सासूबाईंना टेकावयास बाक मिळतो, तो घरमालकिणीला आणि भाडेकरणीला सारखाच.

म्हणून माझी एकच विनंती. आपल्या ले-आऊटच्या मंजूर नकाशाची प्रत मंजुरी देणाऱ्या कचेरीतून काढून मंडळाच्या कपाटात ठेवावी, जागेची हद्द मोजून घ्यावी आणि कडेने कडुनिंब लावावेत. मी वाऱ्याचे पैसे दिले, पण कागद पाहिला नाही. आपण आधी कागद पाहावा.