औषध फुकट, वाट महाग

मंडळी, पुण्या-मुंबईकडे मोठे रुग्णालय जवळ. गडचिरोलीच्या रानात मात्र पावसाळ्यात नाला भरला की वाटच बंद. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले खरे. पण गाडीभाडे नि बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

यावर तोड गडचिरोलीतच निघाली. १९९५ पासून डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील बायकांना घरी जाऊन नवजात बाळांची शुश्रूषा करायला शिकविले. तिसऱ्या वर्षापर्यंत बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज गावोगाव तेच काम आशाताई करतात.

तेव्हा गुरुजी, आपल्या गावची आशाताई कोण, तिचे घर कोठे, एवढे मुलांकरवी घरोघर कळवा. बाळंतिणीच्या घरची तिची खेप चुकता कामा नये.