आधी दप्तर, मग दालन



'अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा वारसा व नागरी हक्कांचा लढा यांच्या प्रादेशिक संग्रहालयांची आखणी' असे जे भारदस्त नाव चालकांनी पत्रिकेवर छापले आहे, ते वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले की, जिथे आपलीच दप्तरे वाळवी खात आहेत तिथे सातासमुद्रापलीकडच्या संग्रहालयांची उठाठेव कशाला? (हशा) ही उठाठेव माझी नव्हे, जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. आणि 1946 साली, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो समाजाने केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले ते विचारवंत ड्यू बॉइस यांना. तेव्हा हा शेजार मी आज सायंकाळी जोडलेला नाही.

गुलामांचा व्यापार, यादवी युद्ध, पुढे शंभर वर्षे चाललेला विटाळ, माँटगोमेरीचा बस-बहिष्कार आणि डॉ. किंग हे सारे आपणांस अवगत आहे असे धरून मी पुढे जातो, कारण ते सांगत बसलो तर मला जे सांगायचे आहे ते राहून जाईल, आणि जे सांगायचे आहे ते एवढेच की, प्रदेशाच्या संग्रहालयात आधी दप्तर उभे राहावे, मग दालन, आणि इमारतीचा विचार सर्वांच्या शेवटी व्हावा.

याचे कारण त्या देशाच्या खानेसुमारीत आहे. 1850 आणि 1860 च्या खानेसुमारीत गुलामांचे निराळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव ठळक, आणि त्याखाली त्याच्या माणसांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच. नाव, अगदी मोजके अपवाद वगळता, नाहीच. मुक्त झालेली ही माणसे नावानिशी सरकारी कागदावर सरसकट आली ती 1870 साली. म्हणजे आज एखादा नातू आपल्या पणज्याचा माग काढू लागला की, 1870 च्या अलीकडे त्याला वाट आहे आणि पलीकडे भिंत आहे. ती भिंत फोडायची तर मालकाची मृत्युपत्रे, विक्रीची खते, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि मुक्त झालेल्यांसाठी 1865 साली निघालेल्या बँकेची खातेपुस्तके एकमेकांशेजारी मांडून पाहावी लागतात. चार्ल्सटनच्या ज्या धक्क्यावर हजारो आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले तिथे उभे राहिलेले संग्रहालय तेथील महापौरांनी 2000 साली सुचवले आणि ते 2023 साली खुले झाले. त्याची वास्तू खांबांवर उचलून धरली आहे आणि ती सुंदर आहे हे मी नाकारीत नाही, पण माझ्या मते त्याचे काळीज आहे ते कुटुंबांचा माग काढून देणाऱ्या त्याच्या कक्षात.

मागच्या बाकावरून कोणी म्हणाले की, लोक कागद पाहायला येत नाहीत. लोक काय पाहायला येतात याचे उत्तर वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया वस्तीने दिले आहे. 1967 साली स्मिथसोनियन संस्थेने तिथे बंद पडलेल्या एका चित्रपटगृहात संग्रहालय उघडले आणि संचालक नेमले ते जॉन किनार्ड, एक तरुण धर्मोपदेशक, ज्यांना संग्रहालयाच्या कामाचा गंधही नव्हता पण वस्ती ठाऊक होती. पोरांच्या बोलण्यात उंदरांचा विषय पुनःपुन्हा निघू लागला, तेव्हा त्या गृहस्थांनी काय करावे? 1969 साली त्यांनी उंदरांचेच प्रदर्शन मांडले: जिवंत उंदीर, घरामागच्या परसासारखी रचना, त्यांची पैदास कशी होते, रोग कसे पसरतात आणि कचरा कोणी उचलायचा, सगळे त्यात. आपल्या पुण्याला 1897 चा प्लेग आठवतो, त्यामुळे आपण हसणार नाही अशी माझी समजूत होती. (हशा) हसा! आमच्या पेठेत असे प्रदर्शन भरवायचे तर उंदीर मागवण्याचा खर्च वाचेल. (मोठा हशा) पण त्या वेळी पुष्कळ विद्वानांनी नाके मुरडली असतील ती याच हास्याच्या पोटी, की संग्रहालयात राजांची तख्ते ठेवावीत, उंदीर नव्हे. आणि माझे म्हणणे असे की, ज्या घरात तान्ह्या मुलाला रात्री उंदीर चावतो त्या घराला तख्ताचे कौतुक सांगणे ही थट्टा आहे. हे विषयांतर नव्हे. वस्तीचे गाऱ्हाणे नोंदवून घेणे हेही दप्तरच. किंबहुना पहिले दप्तर तेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटे म्हणतात; मी पाच घेतो. बर्मिंगहॅमची संस्था 1992 ची, समोर ते चर्च जिथे 1963 साली बॉम्बस्फोटात चार मुली मेल्या. मेंफिसचे संग्रहालय 1991 चे, डॉ. किंग जिथे मारले गेले त्या लॉरेन मोटेलमध्ये. दोन्हींबद्दल बोलायचे होते, ते सोडतो.

ग्रीन्सबरो मात्र सोडवत नाही. 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या फळीशी जाऊन बसले, त्या घटनेला पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, त्याच इमारतीत संग्रहालय उघडले. त्या चौघांची नावे आता शाळेतली मुले सांगतात. परंतु 25 जुलै 1960 रोजी ती फळी सर्वांना मोकळी झाली तेव्हा तिथे प्रथम वाढले गेले ते त्याच दुकानात राबणाऱ्या कृष्णवर्णीय नोकरांना. त्यांची नावे किती जणांच्या तोंडी आहेत? माझ्या हाती आखणी असती तर दाराशी पहिली पाटी मी त्यांच्या नावांची लावली असती.

घंटा वाजली, आता खरेच थांबतो. 2008 साली शिकागोपासून स्मिथसोनियनने असा उपक्रम सुरू केला की, लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू घेऊन यावे आणि त्या जपाव्यात कशा हे जाणत्यांकडून शिकून जावे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सत्याग्रहाची, परिषदेची, गिरणीच्या संपाची छायाचित्रे असतील त्यांनी या उन्हाळ्यात ती खाली काढावीत, घरातले वडीलधारे जवळ बसवावेत, आणि प्रत्येक छायाचित्राच्या पाठीमागे कडेला, शाईने नव्हे तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, त्यातील माणसांची नावे लिहून ठेवावीत. (टाळ्या)