बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

(हेदवी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. औषधपाणी हा आमचा विषय नव्हे. परंतु २००८ साली आमच्या घरी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही नोकरीनिमित्त मुंबईस होतो. पत्नी गावी बाळंत झाली. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. वडीलधारी म्हणाली, "दूध भरलंय, उतरेल ताप." सारे घर बाळाभोवती, आईकडे कोण पाहणार? सातव्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी आधी आईचा ताप मोजला, पोट दाबून पाहिले, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास येतो का ते विचारले आणि तिला तातडीने दवाखान्यात धाडले. गर्भाशयात जंतूंचा संसर्ग झाला होता. वेळेवर उपचार झाले म्हणून आमचा संसार वाचला.

आज आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांना ओटीवरून चहा देऊन परत पाठवू नका. बाळंतिणीच्या खोलीत न्या.

ताप, तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकाच पायाला सूज, यांपैकी काहीही दिसले तर आशाताईंचीही वाट न पाहता दवाखाना गाठा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल, श्वास भराभर चालत असेल, तरीही तेच. आणि आई दोन आठवड्यांनंतरही उदास असेल, तर तिला नाटकी म्हणू नका. तोही आजारच असू शकतो.

चाकरमानी बापांनो, नुसती मनिऑर्डर पुरत नाही. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे बापालाही जमते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे, अशी त्यांची भूमिका होती. २०१७ पासून नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतात, काजूच्या बागेत राबणाऱ्या आमच्या भगिनींना ही रजा कोण देणार? ती घरानेच दिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, हे दिवस कागदावर लिहून घराच्या भिंतीला लावा, एवढीच विनंती. जयभीम!