भांगाचं पाणी

माझी आई चौथीपर्यंत शिकली. मी पालघरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तरी खाडीचं पाणी कधी नासतं, हे माझ्या आधी तिला कळलं होतं. ती म्हणायची, "बाय, उधाणाला खाडी धुऊन निघते. भांगात मासा वर येतो, तोंड उघडून. तेव्हा तिसऱ्या काढायला जायचं नाही."

श्रोत्यांपैकी जे किनाऱ्यावरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी फारसं चढतही नाही, उतरतही नाही, तो भांग. उधाणाला खाडीतलं बरंचसं पाणी समुद्रात जातं आणि समुद्राचं ताजं पाणी आत येतं. भांगात मात्र तेच पाणी खाडीत पुढे-मागे डुलत राहतं. त्यात जे काही सोडलेलं असेल तेही तिथेच डुलतं. आईचं वाक्य आणि पाठ्यपुस्तकातला धडा, दोन्हींचा अर्थ एकच.

एका भांगात मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या घेऊन घरी गेले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत जुनी आहे, पण डोळ्यांना दिसणारी आहे. पाण्याने बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. (सांडपाण्यातली काही रसायनं या चाचणीला फसवतात, म्हणून त्यात अझाइड घालावं लागतं. विद्यार्थी हे नेमकं विसरतात.) मी पहिली बाटली खाडीच्या तोंडाशी भरली, ती तपकिरी झाली. दुसरी आत, जिथे आई पूर्वी तिसऱ्या काढायची तिथे भरली. साका खाली बसला तो दुधासारखा. आईने बाटली उजेडात धरून पाहिली. "म्हणजे इथे काहीच नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "श्वास घ्यायला काही नाही." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजीने मला ही जागा दाखवली होती."

आता थोडा मागचा हिशेब. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधं, रंग, रसायनं, कापड, पोलाद असे नाना उद्योग आहेत. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर होती, आणि येणारं सांडपाणी त्याहून जास्त होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं. असा पहिला नंबर कोणाला हवा असतो? मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. नवापूर-दांडीचा किनारा आणि खारेकुरण-मुरब्याची खाडी ही त्या तक्रारीतली नावं. जाणकारांची समिती नेमली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्र, कारखाने आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यावर मिळून सुमारे १८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी योजना करा, असंही सांगितलं.

मला इथे थांबायचं आहे, कारण खरं काम 'पूर्ववत' या शब्दात आहे. कोर्टाचा आदेश एका दिवशी येतो. खाडी कोणत्या दिवशी पूर्ववत झाली, हे ठरवायचं कशावरून?

लंडनच्या थेम्स नदीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९५७ मध्ये तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या पाहणीनंतर शहरातून जाणारा भरती-ओहोटीचा पट्टा जीवशास्त्राच्या दृष्टीने मृत मानला गेला. १९७४ मध्ये तिथे सामन मासा पुन्हा सापडला. मधल्या काळात काय झालं, हे मात्र कमी सांगितलं जातं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी वर्षानुवर्षं प्राणवायूचा जमाखर्च मांडला. हवेतून किती येतो, समुद्रातून किती येतो, सांडपाणी किती खातं, ते पाणी किती दिवस नदीतच वर-खाली फिरतं. त्यावरून बेक्टन आणि क्रॉसनेसची शुद्धीकरण केंद्रं किती सुधारायला हवीत, हे ठरलं. म्हणजे मोजमाप आधी झालं, खर्च नंतर.

आपल्यापुढे अडचण जास्त आहे. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्या समुद्राच्या पाण्यात तो लिटरला सहा-साडेसहा मिलिग्रॅमच्या वर फारसा जात नाही, आणि दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. शिल्लकच थोडी आहे. शिवाय थेम्समध्ये मुख्य दोष घरगुती मैल्याचा होता, तो जिवाणू खाऊन टाकतात. रंग आणि औषधांच्या कारखान्यांतली कितीतरी द्रव्यं जिवाणूंना पचत नाहीत, उलट जिवाणूच मरतात. म्हणून असं कडक सांडपाणी कारखान्यातच वेगळं काढावं लागतं. सगळं एकत्र करून मोठ्या टाकीत ओतलं की टाकी कितीही मोठी असो, उपयोग मर्यादित. तारापूरला पाच कोटी लिटरचं नवं केंद्र हाती घेतलं गेलं, ते आवश्यकच होतं. पण आत काय येतं यावर पहारा नसेल तर त्याचीही तीच गत होईल.

दुसरा उपाय पुढे आला तो नळाचा. नवापूरहून समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत सांडपाणी सोडायचं. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला विरोध केला. काहींना तो अडाणीपणा वाटला. मला वाटला नाही. पाणी नीट शुद्ध केलेलं असेल तर खोल समुद्रात ते लवकर पातळ होतं, हे खरं. पण जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याने १९५८ मध्ये सांडपाण्याचं तोंड बंदरातून नदीच्या मुखाकडे वळवलं, तेव्हा पाऱ्याची विषबाधा कमी न होता नव्या गावांत पोहोचली. आणि आपल्याकडे समोर सातपाटीच्या पापलेटचा समुद्र आहे. सरंगा म्हणा, पापलेट म्हणा, २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला.

तिवरांची रोपं लावण्याचे कार्यक्रमही होतात, फोटो निघतात. तिवर हवंच, त्याच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात. पण खालच्या काळ्या गाळात किडे-शिंपले जगत नसतील तर वर हिरवं दिसूनही खाडी रिकामीच असते. त्यामुळे गाळ तपासा, त्यातले धातू मोजा, गाळातले जीव मोजा. भरपाईच्या पैशातून माझी पहिली मागणी साधी आहे. खाडीत तीन ठिकाणी प्राणवायू मोजणारी यंत्रं बसवा, रात्रंदिवस चालणारी, आणि त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. तपासणीला येणारे अधिकारी दिवसा, सोयीच्या वेळी येतात. प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे, आणि तोही भांगात.

तोवर आम्ही बाटल्यांवरच भागवतो. माझे सहा विद्यार्थी आहेत, दोघे मच्छीमारांच्या घरचे. प्रत्येक उधाणाला आणि भांगाला नमुने घेतो, वहीत वेळ आणि पाण्याची दशा लिहितो. आई आता बांधावर बसून जागा दाखवते. मागच्या पावसाळ्यानंतर आतल्या जागेची बाटली पहिल्यांदाच पिवळसर झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "पावसाचं पाणी आहे ते. मार्गशीर्षातल्या भांगात बघा." अष्टमीला पहाटे पाच वाजता निघायचं ठरलं आहे.